ओढ्यातले सोने आणि कानातला सूर : ऑस्ट्रेलियातील सुवर्णशोधाची दोन पर्वे (धागा)

१/
२६ सप्टेंबर १९८०. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात किंगॉवर नावाचे एक लहानसे खेडे आहे. तेथे केव्हिन हिलियर हे गृहस्थ मेटल डिटेक्टर घेऊन जमीन धुंडाळत होते. यंत्राचा सूर बदलला आणि त्यांनी खणायला घेतले. सुमारे फूटभर खोलीवर उभ्या स्थितीत रुतलेला एक पिवळा पिंड हाती लागला. त्याचे वजन भरले ८७५ ट्रॉय औंस, म्हणजे २७ किलोंहून थोडे अधिक.

२/
या पिंडाला ‘हँड ऑफ फेथ’ असे नाव मिळाले. मेटल डिटेक्टरच्या साहाय्याने सापडलेला हा आजवरचा सर्वांत मोठा सुवर्णपिंड मानला जातो. पुढे लास व्हेगासमधील एका कॅसिनोने तो दहा लाख डॉलरांहून अधिक किमतीला विकत घेतला.
नवल मात्र निराळेच आहे. किंगॉवर ही काही अनोळखी जागा नव्हती. १८५७ मध्ये याच परिसरात ५० किलोंहून अधिक वजनाचा ‘ब्लांच बार्कली’ हा पिंड सापडला होता. हजारो हातांनी खणून, धुऊन, चाळून सोडून दिलेल्या भूमीत एवढे सोने फूटभर खोलीवर सव्वाशे वर्षे कसे पडून राहिले?

३/
या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर आधी ओढ्याचा स्वभाव समजून घ्यावा लागतो.
सोने मूळचे गारगोटीच्या शिरांमध्ये असते. ऊन, पाऊस आणि काळ यांनी डोंगर झिजतो, शिरा फुटतात आणि सोन्याचे कण व गोळे उतारावरून ओढ्यात येतात. गारगोटीची घनता पाण्याच्या सुमारे २.६५ पट, तर शुद्ध सोन्याची १९.३ पट. म्हणजे सारख्याच आकाराचा सोन्याचा तुकडा गारगोटीच्या तुकड्याहून सातपट जड. पुराच्या लोंढ्यात वाळू वाहून जाते. सोने मात्र वेग मंदावताच तळ गाठते.

४/
म्हणून ओढ्यातले सोने कोठेही विखुरलेले नसते. ते वळणाच्या आतल्या बाजूस, मोठ्या धोंड्यांच्या आडोशाला आणि तळखडकाच्या भेगांमध्ये साचते. शिवाय ओढे पात्र बदलतात. आज कोरड्या टेकाडावर दिसणारा गोट्यांचा थर हा लाखो वर्षांपूर्वीचा प्रवाह असू शकतो. व्हिक्टोरियात असे प्राचीन प्रवाह काही ठिकाणी लाव्हाच्या थरांखाली गाडले गेले आहेत. पाणी जेथे आहे तेथेच सोने शोधणारा मनुष्य त्यामुळे अर्धाच ओढा शोधत असतो.

५/
आता पहिल्या पर्वाकडे वळू. एडवर्ड हारग्रेव्हज हा १८४९ मध्ये सोन्याच्या आशेने कॅलिफोर्नियाला गेला. तेथे त्याला संपत्ती मिळाली नाही. पण तेथील ओढे आणि न्यू साउथ वेल्समधील ओढे यांचे साम्य त्याच्या ध्यानात आले. तो परतला आणि १२ फेब्रुवारी १८५१ रोजी बॅथर्स्टच्या पलीकडे लुईस पाँड्स क्रीक येथे त्याने परातीत माती धुतली. तळाशी सोन्याचे कण चमकले.

६/
परात धुण्याची ही रीत मराठी वाचकाला परकी वाटू नये. सराफकट्ट्यावरील केर आणि गटारातील माती धुऊन सोन्याचे कण वेगळे करणारे झारेकरी हेच तत्त्व वापरतात: पाण्याला हलके ते वाहून न्यायला लावायचे आणि जड ते तळाशी राखायचे. परातीपेक्षा अधिक माती धुण्यासाठी ‘पाळणा’ असे. ही डोलणारी लाकडी पेटी होती. वरून माती आणि पाणी टाकायचे, पेटी हलवायची, आडव्या पट्ट्यांमागे सोने अडकायचे.

७/
हारग्रेव्हजसोबत त्या दिवशी जॉन लिस्टर हा स्थानिक तरुण वाटाड्या म्हणून होता. पाळणा कसा बांधायचा हे हारग्रेव्हजने लिस्टर आणि टॉम बंधूंना शिकवले आणि तो निघून गेला. एप्रिल १८५१ मध्ये लिस्टर आणि विल्यम टॉम यांना सुमारे चार औंस सोने मिळाले. म्हणजे कष्टाचे मोल देईल इतके सोने प्रथम या तरुणांच्या हाती आले. मात्र वार्ता जाहीर केली हारग्रेव्हजने, आणि श्रेयही त्यानेच घेतले. न्यू साउथ वेल्स सरकारने त्याला १०,००० पौंडांचे बक्षीस दिले.

८/
लिस्टर आणि टॉम बंधू यांनी हा अन्याय विसरला नाही. त्यांचा झगडा जवळजवळ चाळीस वर्षे चालला. अखेर १८९० मध्ये नेमलेल्या विधिमंडळाच्या समितीने मान्य केले की, फायदेशीर प्रमाणात सोने मिळवणारे पहिले शोधक लिस्टर आणि टॉम हेच होते. लिस्टर त्याच वर्षी मरण पावला. शोध लावणे आणि शोधाचे श्रेय मिळणे या दोन वेगळ्या घटना आहेत, हे सुवर्णशोधाच्या इतिहासात पहिल्याच पानावर लिहिले गेले.

९/
त्याच्या पुढच्या पानावर तर नावही धड नोंदले गेले नाही. जुलै १८५१ मध्ये बॅथर्स्टच्या उत्तरेस एका मूलनिवासी मेंढपाळाने गारगोटीत जडलेले सोन्याचे प्रचंड घबाड शोधून काढले. त्यातून निघालेले सोने सुमारे ४० किलो होते. मेंढपाळाचा मालक डॉ. केर याने ते फोडून वाहून नेले. इतिहासात ते ‘केर्स हंड्रेडवेट’ म्हणून प्रसिद्ध आहे. दगड शोधणाऱ्याचे नाव विस्मृतीत गेले आणि मालकाचे दगडाला चिकटले.

१०/
१ जुलै १८५१ रोजी व्हिक्टोरिया ही स्वतंत्र वसाहत झाली आणि त्याच वर्षी क्लून्स, बॅलरॅट व बेंडिगो येथे सोने सापडले. दहा वर्षांत वसाहतीची लोकसंख्या सुमारे ७७,००० वरून ५,४०,००० च्या आसपास गेली. १८५० च्या दशकात जगातील सोन्यापैकी सुमारे एक तृतीयांश सोने एकट्या व्हिक्टोरियातून निघाले, असे मानले जाते. मेलबर्नच्या भव्य इमारतींचा पाया या ओढ्यांमध्ये आहे.

११/
पण खोदणाऱ्याला प्रत्येक महिन्याला ३० शिलिंगांचा परवाना घ्यावा लागे, सोने मिळो वा न मिळो. पोलिसांच्या परवाना-तपासणीचा जाच, मताधिकाराचा अभाव आणि भ्रष्ट कारभार यांचा कडेलोट ३ डिसेंबर १८५४ च्या पहाटे बॅलरॅटजवळील युरेका येथे झाला. लाकडी कोटाआड उभ्या असलेल्या खाणकऱ्यांवर सैन्याने हल्ला केला. किमान बावीस खाणकरी आणि काही सैनिक मारले गेले.
पुढच्याच वर्षी मासिक परवाना रद्द झाला आणि वर्षाला एक पौंड शुल्काचा ‘मायनर्स राइट’ आला. त्याच्यासोबत मताधिकारही आला.

१२/
हा हक्क सर्वांना सारखाच लाभला असे मात्र नाही. १८५५ मध्ये व्हिक्टोरियाने बंदरात उतरणाऱ्या प्रत्येक चिनी माणसावर १० पौंडांचा कर बसवला. तो चुकवण्यासाठी हजारो चिनी खाणकरी शेजारच्या साउथ ऑस्ट्रेलियातील रोब बंदरात उतरले आणि तेथून शेकडो किलोमीटर पायी चालत सुवर्णक्षेत्रांकडे गेले. १८५७ मध्ये अशाच एका तांड्याला वाटेत अरारॅट येथे समृद्ध सुवर्णथर सापडला. ज्यांना दारातून आत येऊ द्यायचे नव्हते, त्यांनीच एका नव्या शहराची पायाभरणी केली. त्याच वर्षी बकलँड नदीकाठी चिनी खाणकऱ्यांच्या वस्तीवर जमावाने हल्ला करून त्यांना हुसकावून लावले.

१३/
चिनी खाणकऱ्यांचे एक वैशिष्ट्य पुढच्या कथेसाठी महत्त्वाचे आहे. इतरांनी टाकून दिलेली माती ते पुन्हा धुवत. घाईघाईने सोडलेल्या जागेत सोने उरते, हे त्यांना पुरते ठाऊक होते. आणि घाई तर सुवर्णयुगाचा स्थायीभाव होता. चाळीस मैलांवर नवा शोध लागल्याची वार्ता आली की तंबू उठत आणि अर्धवट खणलेले खड्डे तसेच राहत.

१४/
सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर येथेच दडलेले आहे. जुना खाणकरी आंधळेपणाने खणत असे. प्रत्येकाच्या वाट्याला आलेला तुकडा लहान असे. त्यात तो विहिरीसारखा उभा खड्डा घेई. दोन खड्ड्यांमधली माती तशीच राही. शिवाय सारी यंत्रणा बारीक सोने पकडण्यासाठी होती. घोड्याने फिरवायच्या वर्तुळाकार चरांत चिकणमाती कालवली जाई. न विरघळलेले मातीचे गोळे आणि धोंडे बाहेर फेकले जात. एखाद्या गोळ्याच्या पोटात सोन्याचा खडा असेल, तर तोही ढिगाऱ्यावर जाई.

१५/
१८६९ मधील एक घटना याची साक्ष देते. ५ फेब्रुवारीला मोलियागुल गावाजवळ जॉन डीसन आणि रिचर्ड ओट्स या कॉर्निश जोडीला झाडाच्या बुंध्याशी, जमिनीखाली केवळ तीनेक सेंटिमीटरवर, ‘वेलकम स्ट्रेंजर’ हा सुवर्णपिंड सापडला. त्यातून सुमारे ७२ किलो शुद्ध सोने निघाले. जवळच्या डनॉली गावात एवढे वजन पेलणारा तराजू नव्हता. म्हणून ऐरणीवर ठेवून त्याचे तुकडे करावे लागले. सर्वांत मोठा ज्ञात पिंड बोटभर मातीखाली होता आणि वर्षानुवर्षे लोक त्याच्या आसपास वावरत होते.

१६/
दुसऱ्या पर्वाचे यंत्र जन्मले ते सोन्यासाठी नव्हे. २ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर गोळी झाडली गेली. शरीरातील गोळी नेमकी कोठे आहे हे शोधण्यासाठी टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी विद्युत-प्रवर्तनावर चालणारे उपकरण बनवले. प्रयत्न फसला. पलंगातील पोलादी स्प्रिंगांनी संकेत बिघडवला आणि डॉक्टरांनी शरीराची उजवी बाजूच तपासू दिली. गोळी डावीकडे होती. तत्त्व खरे होते, शोधाची जागा चुकली होती. १९ सप्टेंबरला गारफील्ड यांचे निधन झाले.

१७/
हे तत्त्व असे: तारेच्या वेटोळ्यातून बदलता विद्युतप्रवाह सोडला की त्याभोवती बदलते चुंबकीय क्षेत्र तयार होते. जवळ धातू असल्यास त्यात आवर्ती प्रवाह उमटतात आणि ते स्वतःचे क्षीण क्षेत्र निर्माण करतात. तो क्षीण प्रतिसाद ऐकणे म्हणजे धातुशोधन. सोने चुंबकाला चिकटत नाही; पण ते उत्तम वाहक आहे, म्हणून यंत्राला ‘ऐकू’ येते.
१९३७ मध्ये गेरहार्ड फिशर यांना अशा यंत्राचे अमेरिकी पेटंट मिळाले. दुसऱ्या महायुद्धात पोलिश अधिकारी युझेफ कोसात्स्की यांनी हाती धरून चालवायचा सुरुंगशोधक घडवला. १९४२ मध्ये अल-अलामीनच्या वाळवंटात तो वापरला गेला. मृत्यू टाळण्यासाठी घडलेली विद्या पुढे भाग्य शोधण्याच्या कामी आली.

१८/
मग दुसरी सुवर्णलाट १९७० च्या दशकाअखेरीसच का उसळली? त्यामागे अर्थकारण आहे. १९७१ मध्ये अमेरिकेने डॉलरचे सोन्याशी असलेले नाते तोडले. १९७६ मध्ये ऑस्ट्रेलियाने खासगी सुवर्णव्यवहारांवरील निर्बंध स्थगित केले. जानेवारी १९८० मध्ये सोन्याचा भाव औंसाला ८५० डॉलरपर्यंत चढला. त्याच सुमारास हलके, बॅटरीवर चालणारे डिटेक्टर सामान्य माणसाच्या आवाक्यात आले. हिलियर यांच्या हातात टेक्ससमधील गॅरेट कंपनीचे ‘डीपसीकर’ यंत्र होते. भाव, कायदा आणि यंत्र या तिन्ही गोष्टी एकाच वेळी जुळल्या.

१९/
तरीही व्हिक्टोरियाची माती या यंत्रांना सहजासहजी वश झाली नाही. तेथील तांबड्या मातीत आणि खडकांत लोहाचे क्षार विपुल आहेत. साधे यंत्र त्यांनाच धातू समजून सतत कुरकुरते आणि त्या गोंगाटात सोन्याचा बारीक सूर हरवतो. यावर तोड काढली ऑस्ट्रेलियाच्याच ॲडलेड शहरात. १९८५ मध्ये तेथे मिनेलॅब कंपनी स्थापन झाली. कंपनीचे भौतिकशास्त्रज्ञ ब्रूस कँडी यांनी स्पंद-प्रवर्तनावर आधारलेली यंत्रे विकसित केली. वेगवेगळ्या कालावधीचे विद्युत-स्पंद जमिनीत पाठवायचे, मधल्या शांततेत प्रतिसाद ऐकायचा आणि मातीचा आवाज वजा करायचा, ही त्यामागील युक्ती. १९९५ च्या सुमारास आलेल्या त्यांच्या यंत्राने जुनी, ‘संपलेली’ क्षेत्रे पुन्हा बोलकी केली.

२०/
ओढ्यातले हे काम दिसते तितके रोमहर्षक नाही. उन्हाळ्यात पात्र कोरडे पडले की तळखडक उघडा होतो. शोधक यंत्राचे वेटोळे जमिनीलगत ठेवून, आधीच्या फेरीवर थोडी फेरी चढवत, अतिशय सावकाश पुढे सरकतो. कानावर हेडफोन असतो. सूर उमटला की माती उकरायची, ती मूठभर घेऊन वेटोळ्यावरून फिरवायची, नसेल तर दुसरी मूठ. बहुतेक वेळा निघते ते खिळा, शिशाची गोळी, डब्याचा पत्रा किंवा घोड्याच्या नालेचा तुकडा. आणि धुळीसारखे बारीक सोने या यंत्राला ऐकूच येत नाही. त्यासाठी आजही परातच लागते.

२१/
त्या ‘कचऱ्या’कडे इतिहासाच्या दृष्टीने पाहिले तर चित्र पालटते. खिळा म्हणजे कोणाची तरी झोपडी. बटण म्हणजे कोणाचा तरी अंगरखा. मध्ये चौकोनी भोक असलेले चिनी नाणे म्हणजे कर चुकवण्यासाठी शेकडो किलोमीटर चाललेल्या माणसाची खूण. वस्तू जमिनीतून उपटली की ती कोणत्या थरात, कशाशेजारी होती हे ज्ञान कायमचे नष्ट होते. सोन्याचे मोल तराजूवर ठरते. खिळ्याचे मोल मात्र त्याच्या जागेवर अवलंबून असते. पुरातत्त्वज्ञ आणि हौशी शोधक यांच्यातील मतभेदाचे मूळ येथे आहे.

२२/
ओढ्यांनीही मोठी किंमत मोजली. सोने धुताना सुटलेला चिखल खाली वाहत गेला, पात्रे भरली आणि शेते गाळाखाली गेली. बेंडिगोमध्ये हा उपद्रव इतका वाढला की १८५० च्या दशकाच्या अखेरीस चिखलाचा बंदोबस्त करण्यासाठी चौकशी आयोग नेमावा लागला. गारगोटी कुटून सोने पकडण्यासाठी वापरलेला पारा गाळात मिसळला. व्हिक्टोरियातील अनेक नद्यांच्या काठी आजही तो गाळ थराथराने दिसतो. आज जो ओढा ‘नैसर्गिक’ वाटतो, त्याचा तळ पुष्कळदा दीडशे वर्षांपूर्वी माणसाने घडवलेला असतो.

२३/
बेंडिगो आणि किंगॉवर ही जा जा वुरुंग या मूलनिवासी समाजाची भूमी. खणून, उलथून वरची माती खाली आणि खालची वर झालेल्या आपल्या या प्रदेशाला ते ‘उलटी झालेली भूमी’ म्हणतात. सुवर्णयुगाच्या असंख्य वर्णनांत त्यांचा उल्लेख क्वचितच येतो. २०१३ मध्ये व्हिक्टोरिया सरकारने त्यांच्याशी करार करून या भूमीचे परंपरागत स्वामी म्हणून त्यांना मान्यता दिली. पहिल्या पिंडापासून या मान्यतेपर्यंत १६० हून अधिक वर्षे गेली.

२४/
युरेकाच्या रक्तातून निघालेला ‘मायनर्स राइट’ आजही व्हिक्टोरियात अस्तित्वात आहे. अल्प शुल्क भरून कोणीही तो घेऊ शकतो आणि परवानगी असलेल्या सरकारी जमिनीत साध्या हत्यारांनी सोने शोधू शकतो. मात्र त्याला मर्यादा आहेत. राष्ट्रीय उद्यानांचा बराच भाग आणि अनेक ओढे शोधकांना बंद आहेत. मूलनिवासी वारशाच्या खुणांना धक्का लावणे गुन्हा आहे, आणि खणलेला प्रत्येक खड्डा बुजवावा लागतो.

२५/
खड्डा बुजवण्याचा हा नियम किरकोळ वाटतो. पण दोन पर्वांतला खरा फरक त्यातच आहे. पहिल्या पर्वाने सोने नेले आणि खड्डे मागे ठेवले. ते खड्डे, ते ढिगारे आणि गाळाने भरलेली ती पात्रे यांतच हारग्रेव्हज, लिस्टर, अनाम मेंढपाळ आणि रोबहून चालत आलेले खाणकरी यांचा इतिहास उरला आहे. त्यांपैकी ज्यांची नावे वहीत आली नाहीत, त्यांच्यासाठी ओढ्याचा तळ हाच एकमेव दस्तऐवज आहे. हेडफोनमध्ये सूर उमटतो तेव्हा खाली सोने असेल किंवा खिळा असेल. दोन्ही वेळा कुदळ पडते ती त्या दस्तऐवजावरच.

(धागा समाप्त)